गुडघ्याची जखम

अप्पा, तुम्ही गेल्यावर घरात माझ्याशी मराठी बोलणारं कोणी उरलं नाही. मुलं कन्नडात भांडतात आणि इंग्रजीत समजूत काढतात. म्हणून हे मराठीत लिहिते आहे. घरात कुणाच्या हाती पडलं तरी वाचता येणार नाही. लपवायची खोड माझी अजून गेलेली नाही, हे आधीच सांगून टाकते.

आजोबांपर्यंत आपण कापड रंगवणारे. कागद काळे करणारे घरातले पहिले तुम्ही. म्हैसूरच्या कोर्टाबाहेर पत्र्याच्या आडोशाला बसून लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करायचात. लॉ कॉलेजच्या सुट्टीत मीही शेजारी बसायची. एकदा हुणसूरकडचा एक तंबाखूवाला आला. त्याच्या भावाला पोलिसांनी डांबून ठेवलं होतं. भाऊ प्यालेला होता, आधी त्यानंच शिपायावर दगड मारला, हेही त्यानं मला सांगितलं. मी तेवढं सोडून बाकी सगळं टाइप केलं. सही घेण्याआधी तुम्ही नेहमीसारखा अख्खा कागद त्याला कन्नडात वाचून दाखवलात. तो म्हणाला, दगडाचं राहिलं. अजून डोळ्यांसमोर आहे: तुम्ही माझ्याकडे बघता आहात, चष्मा कपाळावर सरकवता आहात.

"दगडाचं कुठं गेलं ग?"

"ते कशाला, अप्पा? केस पातळ होईल."

तुम्ही त्याच्यादेखत कागद फाडलात. "तुझे आजोबा कापडावरचा डाग गिऱ्हाइकाला आधी दाखवायचे. सुम्ने, उगाच रंगात बुडवलं की डाग पुन्हा वर येतो, आणि मग तो रंगाऱ्याचा होतो. परत टाइप कर." मी डोळे पुसत परत टाइप केलं. दुपारी घरी आल्यावर स्वयंपाकघरात आईनं वाढलेल्या सारू-भाताला मी हात लावला नाही. तुम्ही तुमच्या पानातला पापड माझ्या पानात ठेवलात. त्या पापडाचाही मला राग आला होता. पुढे सनद मिळाली त्या दिवशी तुम्ही मला एक दाभण आणि दोरीचं रीळ दिलंत. म्हणालात, "कागद शिवून ठेवायचे. सुटा कागद हरवतो. कधी कधी आपणच तो हरवतो."

दोन वर्षांपूर्वी म्हैसूरच्याच मेटगळ्ळी भागातून एक बाई माझ्याकडे आली. नवरा तिथल्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डर. तांब्याच्या तारा चोरल्याच्या संशयावरून मंगळवारी पोलिसांनी त्याला कामावरून उचललं आणि शुक्रवारी सोडलं. मधे ना कुठं नोंद, ना मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं. तळपायांवर इतकं मारलं होतं की तो भिंत धरून चालत होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं दोन्ही तळपायांवरचे ताजे वळ नीट लिहून दिले होते. त्याच कागदावर उजव्या गुडघ्याची टाके घातलेली जखमही होती. बाई स्वतःहून म्हणाली, "अक्का, गुडघ्याचं त्यांनी केलेलं नाही. आठ दिवस आधी स्कूटरवरून पडले होते. ही त्याची चिठ्ठी." मी "आयतु, बरं" म्हणत चिठ्ठी घेतली. निघताना दारातून तिनं पुन्हा विचारलं, "स्कूटरचं लिहाल ना?"

फोटो काढले तर तळपायांचे वळ धड दिसेनात. गुडघा मात्र बघवत नव्हता. मानवी हक्क आयोगाकडे पाठवायच्या तक्रारीत मी लिहिलं, 'सुटकेनंतर अंगावर पुढील जखमा आढळल्या.' गुडघा पहिला, त्याचाच फोटो पहिला. खोटं वाक्य एकही नव्हतं, अप्पा. स्कूटरबद्दलही एक अक्षर नव्हतं. चिठ्ठी मी फाइलला शिवली नाही, टेबलाच्या खणात टाकली. ज्यांनी तीन दिवस माणूस गायब केला त्यांच्या हातात आपण होऊन काठी कशाला द्यायची, असं मी स्वतःला समजावलं. सहीच्या वेळी बाईला मी तक्रार वाचून दाखवली नाही, थोडक्यात सांगितली. माझ्यावर भरवसा ठेवून तिनं सही केली.

बेंगळुरूला सुनावणीच्या दिवशी पोलिसांच्या वकिलानं दवाखान्याच्या रजिस्टरची नक्कल पुढे ठेवली. तारीख, स्कूटर, टाके, सगळं होतं. तो हसलासुद्धा नाही. आयोगाच्या सदस्यांनी चष्म्यावरून बाईकडे बघितलं.

"हे पडल्याचं तुम्ही तुमच्या वकिलांना सांगितलं होतं का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. माझं एक वाक्य पुरलं असतं. मी फाइलमध्ये मान घालून पानं उलटत राहिले.

"इल्ला सार्," ती म्हणाली. "विसरले."

तक्रार फेटाळली गेली. तक्रारदार महत्त्वाची गोष्ट लपवते, तिच्या शब्दावर विसंबता येत नाही, असं निकालात आलं. त्या एका ओळीखाली तळपायांचे वळ गेले, ते तीन दिवसही गेले. परतीच्या बसमध्ये तिनं मला खिडकीची जागा दिली. बस मंड्याहून पुढे निघाली. मग मी कसंबसं विचारलं, तू असं का सांगितलंस? ती म्हणाली, "तुमचं नाव गेलं तर आमच्यासारख्यांचं पुढे कोण बघणार, अक्का?" तिनं मला एवढ्या सहज माफ केलं, तेच माझ्याच्यानं सोसवेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चार महिने मी काही केलं नाही. इतर केसेस चालवल्या, तरुण वकिलांसमोर कोठडीतल्या अत्याचारांवर भाषणही दिलं, टाळ्या घेतल्या. मग एका सकाळी कोर्टात कुणाचं तरी प्रतिज्ञापत्र वाचताना 'माझ्या माहितीप्रमाणे खरे आहे' या ओळीशी माझी जीभच अडली. त्या दिवशी मी स्वतःचं प्रतिज्ञापत्र लिहिलं: या बाईनं मला स्कूटरचं दोनदा सांगितलं, चिठ्ठी दिली, मी ती दडवली. चिठ्ठी जोडली आणि फेरविचाराचा अर्ज केला. आयोगानं तिच्यावरचा तो शेरा काढला, मला लेखी समज दिली. वकिलांच्या मंडळात अजून माझी चौकशी चालू आहे. जे होईल ते होवो. पण तक्रार काही पुन्हा उभी राहिली नाही. नवऱ्यानं जबाब द्यायला नकार दिला. एकदा खोटा ठरलो, आता परत त्यांची नावं घेऊन त्याच रस्त्यानं कामावर जायचं का, म्हणाला.

गेल्या आठवड्यात निकालाची प्रत द्यायला मी मेटगळ्ळीला तिच्या घरी गेले. तिनं कॉफी केली. शेरा काढल्याची ओळ मी तिला दोनदा वाचून दाखवली. ती पदराला हात पुसत ऐकत होती. नवरा आत होता, बाहेर आला नाही. उठताना तिनं विचारलं, अगदी साधेपणानं, "अक्का, पहिल्यांदाच स्कूटरचं लिहिलं असतं तर आपण जिंकलो असतो का?"

डॉक्टरनं तळपायांबद्दल स्वच्छ लिहिलं होतं. त्याला उचलताना वर्कशॉपमधल्या दोघांनी पाहिलं होतं आणि ते बोलायला तयार होते.

मी म्हणाले, "आता कसं सांगता येईल?"

सांगता येत होतं, अप्पा.