सरपंचाला उतरवण्याची मोहीम

२३ ऑगस्ट
तान्हा पोळा, पोरांच्या लाकडी बैलांचा सण. सजावटीत नात रुचिकाचा नंदी दुसरा आला. पहिला कोणाचा, तर सरपंच वर्षालीच्या भाच्याचा. परीक्षक कोण, तर वर्षालीच. मी हसून टाळ्या वाजवल्या. सायकलवर दोन भोंगे बांधून धंद्याला लागलो, आज आजूबाजूच्या गावांत मंडप माझाच लागतो. दुसरा नंबर मला पचत नाही. या बाईला खुर्चीवरून उतरवणार.

२५ ऑगस्ट
वर्ध्याला वकिलाकडे. म्हणे, सरपंच थेट जनतेतून निवडून आलेली, नुसत्या मेंबरांनी उतरत नाही. नऊ मेंबरांतल्या सात जणांनी अविश्वास ठराव पास करायचा, मग ग्रामसभेत अख्ख्या गावाने गुप्त मतदान करून तो मंजूर करायचा. फारच छान. मेंबर सांभाळावे लागतात. गाव तर माझंच आहे.

३० ऑगस्ट
सात मेंबरांना शेतात पानगे आणि वांग्याची भाजी. लहानू मेंबर म्हणाला, "नानाजी, तुमच्यासाठी जीव देतो, मत काय चीज हाये." आणि भाजी पुन्हा वाढून घेतली. निष्ठावान माणूस.

८ सप्टेंबर
पंचायतीत ठराव पास. सात हात वर. खिडकीतून स्वतः मोजले. वर्षाली बाहेर आली, वाकून नमस्कार केला. "काकाजी, तब्येत सांभाळा, लई धावपळ करून राह्यले." घाबरली आहे.

१२ सप्टेंबर
पानठेल्यामागे उभा होतो. माझे कान पहिल्यापासून तिखट. श्रावण न्हावी सांगत होता, "एका नंदीपायी नानाजीनं अख्खं गाव मतदानाले लावलं." सगळे हसले. म्हणजे माझ्या ताकदीची चर्चा आहे. शेजारची धुरपता म्हणाली, "नळाले पाणी आणलं तिनं, काऊन काढाचं तिले?" एकच बाई. सोडून दिलं.

१८ सप्टेंबर
उद्या मतदान. आमच्या आनंदाबाईला विचारलं, शिक्का कुठे मारशील? "गुप्त हाये न ते." बायकोलाही कायदा नीट समजला, बरं वाटलं. निकालानंतरचं भाषण आरशासमोर म्हणून पाहिलं. 'जनता मालक असते' हे वर्षालीच्या डोळ्यात डोळे घालून म्हणायचं. दोनदा.

१९ सप्टेंबर, सकाळ
शाळेच्या फाटकाबाहेर लाईन. एवढी गर्दी विधानसभेलाही नव्हती. जो तो मला पाहून मान हलवतो. सर्वांत आधी मत टाकून आलो. आता नुसतं पाहायचं.

१९ सप्टेंबर, संध्याकाळ
ठरावाच्या विरोधात सहाशे बारा. बाजूने एक.
वर्षालीने माईक हातात घेतला आणि म्हणाली, जनता मालक असते. एकदाच म्हणाली.
मग लहानू आला, कानाशी लागला. "नानाजी, ते एक मत माह्यं होतं." तो गेल्यावर दुसरा मेंबर. मग तिसरा. साती जण वेगवेगळे येऊन हेच सांगून गेले. सगळ्यांना चहा पाजला, खांद्यावर हात ठेवला.
जेवताना आनंदाबाई म्हणाली, "लोक काहीबी सांगतीन. ते एक माह्यं होतं."
तिचेही आभार मानले. ते मत मी टाकलं होतं, हे आता सांगावं तरी कोणाला.