सोलोच्या मध्येच टाळ्या

गुरुवार. नौपाड्यातल्या हॉटेलात वाजवून आत्ताच घरी आलो.

सॅक्सोफोनवर माझा सोलो चालू असताना मध्येच टाळ्या. जॅझमध्ये दाद अशीच देतात, पण आपल्याकडचे लोक सभ्यपणे गाणं संपायची वाट बघतात. आज समोरच्या टेबलावरून चक्क मध्येच! मी डोळे मिटून सोलो अजून लांबवला. गाणं संपल्यावर आमचा ड्रमर सतीश म्हणाला, "अरे, उद्याची पाणीकपात रद्द झाली. त्यांना मेसेज आला."

बरं. म्हणजे टाळ्या पाण्याला. वाईट वाटायला हवं होतं का? फारसं नाही वाटलं.

घरी बायकोने पिंप, बादल्या, कुकरसुद्धा भरून ठेवलेला. बातमी सांगितली, तर तिनेही टाळ्या वाजवल्या.

सोलो मात्र खरंच चांगला झालेला.