अस्वलाची आंघोळ

प्रिय शिडी,

तीन वर्षांनी लिहितेय. अक्षर ओळखलंस तर लगेच फाडू नकोस.

इकडे पार्लरमध्ये सगळं तसंच आहे. टबाचा नळ गळतो, मालक अजून टॉवेलांचा वास घेत फिरतात. तुझ्या टेबलावर एक नवीन मुलगी आलीय. तिला मी तुझेच धडे देत आलेय. दाट, दुहेरी केसांचं कुत्रं आधी कोरडंच विंचरायचं, नाहीतर पाण्याने गुंता आणखी आवळतो. वरचे केस भिजले म्हणजे कातडी भिजली असं नाही. आतली लोकर मुळापर्यंत वाळवायची. आणि काही झालं तरी केस कापायचं मशीन फिरवायचं नाही, ऊन असो की थंडी, तेच केस त्याला सांभाळतात. ती मान डोलावते. माझ्या तोंडून हे पाढे म्हटल्यासारखं निघतं.

काल अस्वल आला. तोच पांढरा कुत्रा, आजींचा. आता म्हातारा झालाय, मागचे पाय लटपटतात. मी त्याला पाठीवरून ओळखलं. तिथे केस पुन्हा धड आलेच नाहीत. जुन्या गादीतल्या कापसासारखे कुठे कुठे उगवलेत, मधल्या उघड्या कातडीवर उन्हाचे डाग आहेत. आजी त्याला दुपारी बाहेर नेतच नाहीत म्हणे.

दोन तास लागले. बोटांनी केस बाजूला करत कोमट पाणी आत पोचवलं. तो माझ्या मनगटावर हनुवटी टेकवून मुकाट उभा. ब्लोअर लावला तशी लोकर खोलीभर उडाली, माझ्या पापण्यांवर बसली. मला काहीच वाटलं नाही. काहीतरी वाटायला हवं, एवढंच कळत होतं.

आजी म्हणाल्या, "किती हळुवार हात गं तुझा! त्या उंच मुलीने याची पार वाट लावली होती."

मी ब्लोअर बंद केला. म्हणाले, "ती नव्हती आजी. मी होते."

आजींनी पट्टा उचलला. शेपटी ओलीच होती, तरी त्याला घेऊन गेल्या.

त्या दिवशी तू डबा खायला गेली होतीस. मला लवकर निघायचं होतं, गुंता सुटेना, मी मशीन फिरवलं. टेबल तुझं, म्हणून मालकांनी तुला काढलं. तू माझ्याकडे बघितलंस. मी खाली मान घालून केस झाडत राहिले. काल संध्याकाळी मालकांनाही सगळं सांगितलं. उद्यापासून येऊ नकोस, म्हणाले. मी एप्रन खुंटीला लावला आणि घरी येऊन जेवले. ते तुला परत बोलावणार आहेत. माफी मागायला हे लिहिलं नाही, ती कुठल्या तोंडाने मागू? फक्त त्यांचा फोन आला की तुला वाटेल, कोणी थट्टा करतंय. थट्टा नाही गं. जा.

तुझीच (म्हणू दिलंस तर),
बुटकी