उशीर कुणी केला

राजारामपुरी, कोल्हापूर
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

ती. महावीरदादास,
रुचिताचा जय जिनेंद्र.

बंगळूरला थंडी पडली असेल. वहिनीची पाठ आता बरी आहे ना? इकडे केतनच्या दुकानात लग्नसराईची गर्दी आहे. आईच्या खुब्याचं दुखणं तसंच. काठी घेऊन न्हाणीघरापर्यंत जाते, पण धरायला माणूस लागतं.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई तुझ्याकडेच राहू दे. तुला काय, मागं कुणी नाही." मी "बरं" म्हणाले आणि गॅसवर दूध आहे असं सांगून फोन ठेवला. गॅसवर काहीच नव्हतं.

दादा, दिवाळीआधी मी तपासणी करून घेतली. बाईच्या शरीरात बीजांडं किती उरलीत, ते रक्तावरून आणि सोनोग्राफीवरून कळतं. रिपोर्ट घ्यायला गेले, तेव्हा घरी कुणी नव्हतं म्हणून आईलाही रिक्षातून सोबत नेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वय एक्केचाळीस आणि साठा फारच कमी. दिवस राहणारच नाहीत असं नाही म्हणत मी, पण आता वेळ घालवू नका." मग सहज विचारलं, "एवढा उशीर का केलात?"

"लवकर जमलं नाही," मी म्हणाले. सगळ्यांना हेच सांगते.

आईला कमी ऐकू येतं असं आपण समजतो. ती मोठ्यानं म्हणाली, "उशीर हिनं न्हाय केला, बाई. आमी केला. हिच्या आप्पांचं अंग लुळं पडलं, तवा पोरगा लांब नोकरीवर हुता आणि पोरगी घरात हुती. स्थळ आलं की आमीच म्हणायचो, पुढच्या वर्साला बघू."

परतताना रिक्षात आईनं माझा हात धरून ठेवला होता. घरी आल्यावर मी न्हाणीघरात नळ सोडून रडले.

आप्पांना भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं, त्याचं मला वाईट वाटत नाही. आप्पा माझे होते. पण ते तुझेही होते, हे मी कधी बोलले नाही.

पुढच्या महिन्यात टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार सुरू करतोय. एकदाच करून बघायचं, असं केतनचं आणि माझं ठरलंय. यश येईल असं मला खरं तर वाटत नाही. तरी करायचंय. रोजची इंजेक्शनं, दवाखान्याच्या खेपा, त्यात आईला उचलणं-बसवणं मला झेपणार नाही.

हे तिला कसं सांगावं, कळत नव्हतं. काल भाजी निवडताना तिनंच विचारलं, "म्हावीरकडं कवा धाडतीस मला?"

"तिकडं करमंल तुला?"

"न्हाय करमणार. पर जाती. तू बी माझंच पोर हाईस की."

रविवारी गाडी घेऊन ये. वहिनीला सांग, आई दिवस मावळायच्या आत जेवते, आणि झोपताना खोलीत दिवा लागतो तिला. सुट्टी मिळत नाही असं या वेळी कळवू नकोस, दादा. मी विचारत नाही, तुला बोलावते आहे.

तुझी धाकटी बहीण,
रुचिता