थोरलीचं ठिगळ

प्रिय बाबा,

पत्र बघून दचकू नका, मी धडधाकट आहे. काम मिळालंय, टिकेल तितके दिवस. हसलात ना? भटकभवानीच्या हातात आता ब्रश आहे. छोटी विमानं रंगवते. खेळण्यातली नव्हेत, काचेच्या कपाटात ठेवायची, दीड वितीची. जी प्रवासी विमानं निवृत्त होणार, त्यांचीच आम्ही करतो, शेपटीवर खऱ्या विमानाचा खरा क्रमांक घालून. शौकीन लोक रांग लावून नेतात. माणसाला नारळ आणि विमानाला काचेचं कपाट, असं आमचा मिस्त्री म्हणतो. मिस्त्री भारी माणूस आहे, एका केसाच्या ब्रशने खिडक्या काढतो, पण ते राहू दे, भरकटले.

सोमवारी नवा क्रमांक आला आणि माझा हात हवेतच राहिला. थोरलीचा होता. पोटची पोर मी एकटी, पण घरात थोरली म्हणजे तुम्ही दुरुस्त करता ते विमान. आई चिडून विचारायची, तिचंही ताट वाढू का? आणि परवा फोनवर तुम्ही म्हणालात, थोरली ठणठणीत आहे. ती निवृत्त होतेय हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही, की तुम्ही माझ्यापासून लपवताय? मला दोन्हीची धास्ती वाटते. तिच्या पोटाखाली सरपटत तुमचा जन्म गेला. आई गेली तेव्हा निदान दुसऱ्या दिवशी ड्यूटी होती. आता सकाळी उठून कुठे जाल?

त्याच तंद्रीत मी तिच्या मागच्या दाराशी तुमचं ठिगळ रंगवून बसले. विमानात जेवण चढवणारी गाडी धडकली होती तेव्हा तुम्ही नवा पत्रा बसवलात ना, ते. मिस्त्री खवळला. ‘कारखान्यातून निघालं तसं हवं. जखमा कोण विकत घेतं?’ नमुना बाद झाला, म्हणून माझा झाला.

आता मुद्द्याचं. मी देशोदेशी हिंडले ती बसने, मालट्रकने, बोटीने. विमानात काय काय तुटू शकतं ते तुम्ही जेवताना सांगायचात, तेव्हापासून आत पाऊल टाकलं नाही. विमानवाल्याची लेक आणि जमिनीला चिकटलेली, असं चारचौघांत म्हणायचात. तर थोरलीची शेवटची फेरी पुढच्या महिन्यात तुमच्याकडेच उतरतेय, आणि मी तिकीट काढलंय. मागच्या दाराजवळची जागा, भिंतीपलीकडे तुमचं ठिगळ. पत्रा घट्ट बसवलाय ना, तेवढं कळवा. खाली तुम्हीच असाल. चाकांकडे वळायच्या आधी एकदा जिन्याकडे बघा. माझ्या हातात थोरली असेल. तिला घरी ठेवायचंय, आणि मलाही राहायचंय.

तुमचीच,
धाकटी