दारातून न निघणारी खाट

७ फेब्रुवारी, शनिवार

वेल्डर आला एकदाचा! चार दिवस नुसतं "निघालोच मावशी, वाटेतच आहे" चाललं होतं. चाळिशीचा असेल, बोलका. आल्या आल्या टेप काढून खाट मोजली. मग दार मोजलं. मग पुन्हा खाट मोजली.

"मावशी, ही आत आणली कशी?"

आणली नाहीच बाबा! ह्यांनी ह्याच खोलीत बसून जोडली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. नोकरी गोदामात, वेल्डिंग एका मित्राकडून आठ दिवसांत शिकलेलं, मशीनही त्याचंच मागून आणलेलं. चारी कोपऱ्यांना उंच खांब, वर मच्छरदाणीसाठी चौकट— अख्खा पिंजरा! सगळं झाल्यावर साहेबांच्या लक्षात आलं की ही आडवी घाला, उभी घाला, दारातून निघत नाही. आजूबाजूचे बघायला आले होते. मी महिनाभर टोमणे मारले. ह्यांचं एकच— "न्यायचीय कशाला बाहेर? आपण कुठे जाणार आहोत?"

एकतीस वर्षं झाली त्याला.

आता न्यायचीय. डोक्याकडून वर होणारा दवाखान्यातला पलंग आणायचाय, आणि खोली ही एकच. दुसरं स्वयंपाकघर. ह्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली, वीस दिवस झाले दवाखान्यात आहेत. कुशीवर वळवायलासुद्धा दोघं लागतात. सगळं कळतं मला. वेल्डर म्हणाला, "तासाभराचं काम आहे, आत्ता कापतो." मी म्हटलं, आधी फाटकाची बिजागरी बघा. तुटलीय कधीची.

त्याने निमूटपणे बिजागरी केली.

८ फेब्रुवारी, रविवार

वेल्डरची सुट्टी. खाटेवर दुपारभर लोळले. ह्यांच्या रिकाम्या बाजूला.

९ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी बाहेर बोलावलं. म्हणाल्या, "उद्या घरी न्या. आता इथे करण्यासारखं काही राहिलं नाही. आपल्या माणसांत असू द्या." हळू बोलल्या. मीही मान हलवली, जशी काही बाजाराची यादी ऐकतेय.

आणि तोंडातून काय निघावं? "शुक्रवारी नेते. पलंगाला जागा करायचीय अजून."

चार दिवस! कशाला मागितले मी?

आत गेले तर ह्यांनी डाव्या हाताने माझा अंगठा धरला. "घ... घ..." एवढंच जमतं आता, पण ते मात्र रोज, मी दिसले की. म्हटलं, अहो, शुक्रवारी, नक्की. अंगठा सोडला. तोंड भिंतीकडे केलं. रुसले! एकतीस वर्षांत रुसायची पद्धत काही बदलली नाही.

वेल्डर संध्याकाळी आला. त्याला गच्चीचा कठडा दाखवला. एक गज हलत होता, खरंच हलत होता. उद्या करतो म्हणाला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

कठडा झाला. मग टाकीच्या स्टँडचं काम काढलं. त्याला काय धाड भरली होती? काही नाही. जरा गंज. वेल्डर डोक्याला हात लावून म्हणाला, "मावशी, हा अजून वीस वर्षं हलत नाही." तरी दोन पट्ट्या मारायला लावल्या.

मी तिथेच बसून होते. "उजेडाकडे बघू नका, डोळे जातील," तो दोनदा ओरडला. बघितलं मी. खाट जोडताना ह्यांच्यासमोरही अशीच बसायचे, डोळ्यांपुढे धरायची काळी काच एकच होती, ती ह्यांच्याकडे.

लेकीचा फोन. "आई, खाट कापली?"

"उद्या."

"आई, लोखंड आहे गं ते!"

"तुला काय कळतंय," म्हटलं आणि ठेवला फोन. तिला कळतंय. म्हणून तर राग आला.

११ फेब्रुवारी, बुधवार

एका डोळ्याने लिहितेय. ओळी जातील तिकडे जाऊ देत.

सकाळी डोळे उघडेनात. आत वाळू भरल्यासारखी चरचर, पाण्याच्या धारा. वेल्डरने कपाळ बडवून घेतलं— "सांगितलं होतं ना मावशी!" गार पाण्याच्या पट्ट्या दिल्या, म्हणाला दोन दिवसांत जाईल. दवाखान्यात जाता आलं नाही. चोवीस दिवसांत पहिल्यांदा चुकलं. लेक गेली. ह्यांनी तिच्या मागे दाराकडे बघितलं म्हणे, बराच वेळ.

मग मीच म्हटलं, काप बाबा आता. डोळे मिटलेलेच आहेत.

तासाचं काम म्हणाला होता, तीन तास लागले! ग्राइंडरची चाकं बदलून बदलून दमला. "कुणी केलंय हो हे? जिथे एक टाका पुरे तिथे चार मारलेत. नटबोल्ट लावले असते तर दहा मिनिटांत सुटली असती."

नटबोल्ट करकरतात. हे ह्यांचं तेव्हाचं म्हणणं. सासूबाई पलीकडे स्वयंपाकघरात झोपायच्या, मधे नुसता पडदा! आता हे त्या वेल्डरला काय सांगू? पट्टीखाली हसू आलं. मग जे रडू आलं ते थांबेचना. त्याने मशीन बंद केलं आणि बाहेर जाऊन उभा राहिला. चांगला माणूस आहे.

तुकडे गच्चीवर नेऊन ठेवले. परत जोडून देईन म्हणाला, कधीही सांगा.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पलंग आला. चावी फिरवली की डोकं वर होतं. चादर घातली, उशी त्यांची जुनीच ठेवली. खोली केवढी मोठी दिसतेय!

दुपारी दवाखान्यात गेले, डोळे बरे आहेत. सांगायला गेले होते की जागा झाली. झोपले होते. हात हातात घेतला तर अंगठा धरला नाही. नर्स म्हणाली सकाळपासून असेच आहेत. उठवलं नाही मी. उद्या नेतेच आहे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

हे घरी आले. अकरा वाजता. चौघांनी आणलं, दारातून सरळ आत, कुठे अडलं नाही.

पलंगाकडे कुणी बघितलंही नाही. सगळ्यांनी मिळून खाली जमिनीवर ठेवलं.

मंगळवारी आले असते तर मला बघून "घ" म्हणाले असते.