वरचं निवळ पाणी

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे लिहायला सोपं जातंय. मी औषधशास्त्र शिकवते. प्रथिनांचे डोळ्याला न दिसणारे कण करायचे, त्यांच्यात औषध बसवायचं, म्हणजे ते अंगात एकदम न सुटता हळूहळू सुटतं, हे माझं काम. त्यासाठी लोक मला शाली घालतात. हे खूळ डोक्यात कधी शिरलं असं विचारलं की मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. खरं उत्तर तू आहेस.

मी सोळाची होते. मलकापूरच्या कडेला आपला भाजीचा मळा, आणि तुला साखरेचा आजार. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं मला सुई टोचायला शिकवलं, कारण परक्याचा हात तुला चालत नव्हता. माझा तरी कुठे चालत होता! सुई जरा दुखली की तू शिव्यांची लाखोली वाहायचीस. औषधाची बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवलेली असायची. रात्रभरात पांढरं तळाशी बसायचं, वर स्वच्छ पाणी. कंपाउंडरनं बजावलं होतं, "तळहातात धरून हळू फिरवाची. दुधावानी झाली की मंगच भराची. त्या पांढऱ्यातच दवा हाय." दोन वर्षं मी तसंच केलं, पहाटे, तू उठायच्या आत.

त्या सकाळी मला उशीर झाला आणि तू ते पाहिलंस. नळगंगेच्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवून वरचं निवळ तेवढं प्यायचं, हे आम्हाला शिकवणारी तू. "हे गाळ कायले हलवून राह्यली वं? वरचं निवळ घे न!" कंपाउंडरचं बोलणं मी सांगायला गेले, तर वांगी घ्यायला आलेल्या बायांसमोर तू माझ्या थोबाडीत दिलीस. "पाहा वं बाई, ही पोट्टी मले माराले बसली!" बाया हसल्या. त्या हसण्याचा राग अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी बाटली फिरवली नाही. वरचं निवळ भरलं आणि टोचलं. "आता कशी शानी झाली माही पोरगी," म्हणत तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास. जन्मात पहिल्यांदा! नऊ दिवस तू मला एक वाकडा शब्द बोलली नाहीस. तू तांब्यामागून तांब्या पाणी पीत होतीस, मोरीत मुंग्यांची रांग लागली होती, तुझ्या श्वासाला पिकल्या फळांचा वास येत होता. मला सगळं कळत होतं. उद्या नीट भरू, असं मी रोज ठरवायचे आणि सकाळी ते "शानी" ऐकायला बाटली तशीच उचलायचे. दहाव्या दिवशी तू उठली नाहीस.

एक गंमत सांगू? औषध धरून ठेवणारं ते पांढरं प्रथिन माशाचं होतं. अंगणात अंड्याचं टरफल दिसलं तर सारवून घेणारी, गळ्यात तुळशीची माळ घालणारी तू, आणि मी तुला दोन वर्षं रोज मासा टोचत होते. हे पुस्तकात वाचलं तेव्हा मी एकटीच पोट धरून हसले. शेवटचे नऊ दिवस मात्र तुझी माळ शाबूत राहिली.

तुला नेल्यावर दुसऱ्या दिवशी कंपाउंडर आला. "फिरवूनच भरत होती न बाई?" "हाव," मी म्हणाले. त्यानं बाटली मागितली. वाळूतून काढली तर तुझं सगळं औषध तळाशी तसंच बसलेलं होतं. माठाआड, त्याच्याकडे पाठ करून मी ती तळहातांत धरली आणि फिरवली, हळू, फेस येऊ न देता, दुधासारखी होईपर्यंत. मग त्याच्या हातात दिली.